जडवस्तू क्रमांक ४१ ला फूल आल्याबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला

विषय : भांडारातील जडवस्तू क्र. ४१ पाहण्याची परवानगी पत्नीस आजच, ऊन आहे तोवर मिळणेबाबत.
संदर्भ : "एक दगड जास्त भरल्याबाबत" भांडारपालांचे ज्ञापन.

महोदय,

मी आवक-जावक लिपिक, सविनय कळवतो की, जडवस्तू नोंदवहीत "दगड, कागद दाबण्याचे, नग सहा, ताटलीसह" अशी नोंद असलेली वस्तू दगड नसून रोपे आहेत. ती दक्षिण आफ्रिकेतल्या रखरखीत माळावरची असून जनावरांनी खाऊ नये म्हणून दगडाचे सोंग घेतात. घरी ऊन येत नाही म्हणून ती मी कार्यालयात आणली आणि पंख्याने कागद उडतात म्हणून ताटली फायलींवर ठेवली. वार्षिक मोजणीत भांडारपालांनी तिच्यावर नंबर टाकून ती कुलपात नेली. त्यांचा दोष नाही, भलेभले फसतात.

सहाचे सात कसे झाले, याचा खुलासा असा की, एक नग म्हणजे जाड पानांची एक जोडी, आणि एका नगाने जुनी पाने टाकून नव्या दोन जोड्या काढल्या. यात माझा हात नाही.

बी पत्नीच्या भावाने आणले, तो बोटीवर नोकरीला आहे. धुळीएवढे ते बी तिने सहा वर्षे ड्रॉपरने पाणी घालून वाढवले. माझी माहेरची माणसं तुम्ही कोठडीत टाकलीत, असे ती रोज जेवताना ऐकवते. सहा वर्षांत एकदाही फूल नाही. शेजारीण म्हणाली, अहो वहिनी, दगडच आहेत ते, भावाने तुम्हाला चक्क बनवलं. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही, माझ्याशी.

आज दुपारी तीन वाजता भांडाराच्या जाळीतून मी खिडकीच्या उन्हातल्या क्र. ४१ वर पिवळेधमक फूल पाहिले. त्यानंतर मी जिन्यात नाचलो, त्याचा खुलासा वेगळा सादर करीन. हे फूल ऊन कलले की मिटते आणि चार-पाच दिवसांत संपते. उद्यापासून चार दिवस कार्यालय बंद आहे.

लेखी आदेशाशिवाय वस्तू बाहेर नाही आणि बाहेरची व्यक्ती आत नाही, असे भांडारपाल म्हणतात. नियम मान्य आहे. परंतु फोन ठेवल्याबरोबर पत्नी निघाली ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. हा अर्ज घेऊन तीच आपल्यापुढे उभी आहे. ती काही बोलणार नाही, कारण बोलली तर रडेल, आणि मग मलाही आवरणार नाही.

कृपया सही करावी.

आपला नम्र आणि अत्यंत उतावीळ,
आवक-जावक लिपिक
आज, चार वाजून दहा मिनिटे

सोबत : (१) ज्ञापनाची प्रत (२) बियांची रिकामी पुडी (३) पत्नी

शेरा : भांडारपाल, कुलूप उघडा. बाईंना आत बसायला खुर्ची द्या. मीही खाली येतोय. – अधीक्षक