यंत्राचा गुरू

४ मार्च, सोमवार
मेहुण्याशी पुन्हा वाद. त्याला विज्ञानकथांचं भारी वेड. म्हणतो, एक दिवस यंत्रं सरकार चालवतील. मी म्हटलं, चालवू देत, पण सभेत बोलणार काय? राजकारण म्हणजे भाषण, आणि साहेबांची भाषणं पहिल्या निवडणुकीपासून मी लिहितोय. मतं पडतात ती गहिवरावर. लोखंडाला गहिवर कुठून येणार? मेहुणा गप्प. (तोंडात घास होता, पण गप्प झाला हे खरं.)

५ मार्च
साहेबांच्या सूनबाईंनी ऑफिसात भाषणं लिहिणारा प्रोग्राम आणला. विज्ञानकथावाले सगळे थापाडे. त्यांची यंत्रं आकाशातून बंदुका घेऊन उतरतात. हे खांद्यावरच्या बॅगेतून आलं आणि चार्जर घरी विसरला म्हणून दुपारपर्यंत बंद होतं. सूनबाई म्हणाल्या, काका, याला तुम्हीच शिकवा. म्हणजे मी गुरू. पगाराचं बोलणं झालं नाही.

८ मार्च
धाकधूक वाटतेय. हे शिकलं तर मी काय करणार? या वयात मला कोण ठेवून घेणार? निर्धार: सगळं उलटं शिकवायचं. साहेब भर सभेत तोंडघशी पडले की यंत्र भंगारात.

११ मार्च
त्याचं पहिलं भाषण आलं. भिकार. बरं वाटलं. 'उत्तम' असा शेरा मारून निघणार होतो, पण दुसऱ्याच ओळीत 'जलविषयक अडचणी'. बघवेना. तेवढं बदललं. का बदललं तेही समजावून लिहिलं, नाहीतर त्याला कळणार कसं?

१४ मार्च
निर्धार कायम. आज फक्त सुरुवात सुधारली. आणि शेवट. मधलं त्याचं त्यानंच सुधारलं. सूनबाई म्हणाल्या, काका, तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही. ते मात्र खरं आहे.

२१ मार्च, गुरुवार
साहेबांनी बोलावलं. बढती असणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला. साहेब म्हणाले, खूप केलंत, आता आराम करा, या महिन्यापुरतं या. मी विचारलं, आणि भाषणं? त्यांनी सूनबाईंकडे बघितलं. मी हसलो. का हसलो कोण जाणे. 
घरी बोललो नाही. रविवारच्या सभेत यंत्राचं भाषण पडणारच. मग साहेब स्वतः दारात येतील, तेव्हा हिला एकदमच सांगू.

२४ मार्च, रविवार
सभेला ही पण आली. भाषण मीच लिहिलंय असं समजून पुढच्या रांगेत बसली. पाण्याचा विषय निघाला. साहेब म्हणाले, नळाचा आवाज ऐकू यावा म्हणून घरातली बाई पहाटे कुणाशी बोलतसुद्धा नाही. मैदान चिडीचूप. हे मी शिकवलेलं नव्हतं.
 परतताना ही म्हणाली, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी बोलले नाही, पण तुमची भाषणं मला कधीच आवडली नाहीत. आज पहिल्यांदा वाटलं, माझ्याकडे तुमचं लक्ष असतं.
भर रस्त्यात तिनं माझा हात धरला. घर येईपर्यंत सोडला नाही. भाषण कुणाचं होतं ते मी सांगितलं नाही.