तीन वाचणारे आणि एक फौजदार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. अक्षर एवढं मोठं पाहून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. जाड पेनाशिवाय मला माझंच लिहिलेलं दिसत नाही, म्हणून चार ओळींना एक पान लागतंय. तुझा गुडघा कसा आहे? (मलम खसाखसा चोळू नकोस, हलक्या हातानं गोल फिरव. चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलंय, एवढं सांगायचा हक्क आहे.) भाऊजींनाही नमस्कार सांग.

हे पाकीट तुझ्या हातात देणारी तुझी लेक, म्हणजे आपली फौजदार, रजेचे चार दिवस माझ्याकडे होती. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय चढवायचं आणि काय नाही, हे ती ठरवते. त्याला तू ‘दिवसभर लोकांना नाही म्हणायची नोकरी’ म्हणतेस आणि मीही हसत आलोय. ते हसू मी आज सपशेल मागे घेतो.

झालं असं की डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजर मधोमध विरत जाणार, कडा शाबूत राहतील. म्हणजे पानाच्या कडेची जाहिरात लख्ख दिसते आणि मधली बातमी गायब. वाचन गेलं तर माझ्यासारख्या एकट्या माणसाकडे उरतं काय, या विचारानं मी आठवडाभर नीट जेवलो नाही. मग शेजारच्या शिंप्यानं सांगितलं की ब्राउझरला एक छोटी पुरवणी जोडता येते, तिला एक्स्टेन्शन म्हणतात, ती पान मोठ्यानं वाचून दाखवते. मी एक नाही, तीन जोडली. (दुकानात एकाच गोळीचे तीन कंपन्यांचे डबे ठेवायची सवय, एक संपला तर दुसरा हाताशी.) प्रत्येकानं अदबीनं विचारलं, सगळ्या वेबसाइटवरचं सगळं वाचू का आणि बदलू का? वाचायलाच तर आणलंय, म्हणून मी हो म्हटलं. ‘बदलू का’ ओळीच्या मधोमध होतं, ते दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्ही एकदम वाचायला लागली. एक वरून, एक खालून, आणि तिसरं फक्त जाहिराती. निधनवार्ता आणि गाद्यांवरची सवलत एका दमात ऐकून शिंपी उठून गेला. संध्याकाळपर्यंत ब्राउझर उघडला की वर्तमानपत्राच्या जागी चपलांचं दुकान यायला लागलं. एका दुखण्यावर दोन औषधं एकदम घेऊ नका, असं जन्मभर गिऱ्हाइकांना बजावणारा मी, माझी ही तऱ्हा.

फौजदार आली, स्टुलावर बसली, आणि ताई, एका शब्दानं रागावली नाही. (ही गोष्ट ती तुझ्याकडून शिकलेली नाही.) प्रत्येकाची तिनं उलटतपासणी घेतली: बनवलं कुणी, शेवटची दुरुस्ती कधी, मागतंय काय आणि कशासाठी. एकाला माझा ठावठिकाणा हवा होता. बातमी वाचायला पत्ता कशाला, म्हणत तिनं ते काढलं. दुसरं मूळ मालकानं कधीच विकलेलं. पाटी जुनी, गल्ल्यावर नवा माणूस. तेही गेलं. तिसरं तर उघड उघड चपलावाल्यांचंच. मग तिनं चौथं शोधलं, पण तेही थेट आत घेतलं नाही. ब्राउझरमध्ये एक वेगळी रिकामी खोली केली, जिथे माझी पत्रंही नाहीत आणि बँकही नाही, आणि तिथे ते दोन दिवस चालवून पाहिलं. नव्या गिऱ्हाइकाला मी आधी अर्धीच गोळी द्यायचो, आठवतं? मुलीनं माझाच धंदा माझ्यासमोर, माझ्यापेक्षा चोख करून दाखवला. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी चहा टाकायला उठलो.

शेवटी परवानगी मिळाली ती फक्त वर्तमानपत्रापुरती, तीसुद्धा मी बटण दाबेन तेव्हाच. मी म्हटलं, माझ्या मेलवरही चालू दे की, तुझ्या आईची पत्रं ऐकता येतील. ती म्हणाली, “मामा, हे जे वाचतं ते पुढे कुठे जातं, याची मला शंभर टक्के खात्री नाही. बातम्या गेल्या तर जाऊ दे, त्या सगळ्यांच्याच आहेत. आईची पत्रं नको.” मी रुसलो. तेव्हा तिनं स्टूल पुढे ओढलं आणि तुझा चार महिन्यांपूर्वीचा मेल स्वतः वाचून दाखवला.

आता सकाळी चहाबरोबर अख्खं वर्तमानपत्र ऐकतो. असा ‘नाही’ म्हणणारा माणूस घरात असणं हे भाग्य आहे, आणि ते तुझं आहे. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता.क. त्या मेलमध्ये स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाच्या तक्रारीत, अगदी मधोमध, एक ओळ होती: ‘बाबांचा तराजू कुणाकडे राहावा यावरून आपण बोलणं टाकून नुसते मेल लिहितो, ते पुरे झालं, एकदा फोन कर.’ ताई, ती ओळ मला दिसलीच नव्हती. मी नळाच्या वायसरवर दोन पानं उत्तर पाठवलं आणि तू चार महिने मला अडेलतट्टू समजत बसली असशील. अडेलतट्टू मी आहेच, पण यावेळी नव्हतो. रविवारी सकाळी दहाला फोन करतो. उचल. आणि यापुढे तुझी पत्रं तूच वाचून दाखव.

ता.क. २. फौजदाराची बॅग तू स्वतः उघड, आणि जपून. न तपासता काहीही आत घेऊ नये, असं चार दिवस मला शिकवणाऱ्या मुलीच्या बॅगेत, तळाशी, टॉवेलात गुंडाळून मी बाबांचा तराजू ठेवलाय. तिला पत्ता नाही.