साक्रीला तुटलेली क्लचवायर

पिंप्राळा, जळगाव
५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय नाना यांस,

भाईदासचा सविनय जयभीम. वहिनींनाही सांगा. आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या भाचीला, मृणालीला, पुण्यात नोकरी लागली. तुमच्या बहिणीची, सविताची अंगणवाडी चालू आहे, आणि तिचा आवाजही पूर्वीसारखाच आहे.

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून नवल वाटेल. कारण सांगतोच, पण आधी इकडचं थोडं.

मागच्या जूनमध्ये वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात मोटरसायकल घेतली. जुन्या थाटाची, मोठा गोल दिवा, थेंबासारखी टाकी, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. लांबच्या प्रवासाची गाडी. फॅक्टरीच्या बसच्या खिडकीतून अशी गाडी दिसली की ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवून बघायचो. सविता म्हणाली, "साठीत लोक गुडघ्यांना तेल लावतात." म्हटलं, "तेही लावीन."

धुळे रस्त्याला लागलं, इंजिनाचा आवाज एका ठोक्यावर आला, की गुडघे-बिडघे काही आठवत नाहीत. चहाला थांबलं की चार माणसं गाडीभोवती जमतात आणि आपण उगाच हातमोजे सावकाश काढतो. पण गल्लीत वळवायची म्हटली की घाम फुटतो. पहिल्याच आठवड्यात फाटकासमोर ती म्हशीसारखी हळूहळू आडवी झाली. शेजारच्या रुपचंदने आणखी दोघांना हाका मारल्या, तेव्हा कुठे उभी राहिली. त्यात फुटलेल्या आरशासाठी दीड महिना वाट पाहिली. चकचकीत पत्र्यावर पाण्याचा थेंब राहिला तरी डाग पडतो, म्हणून मी फडकं घेऊन बसतो. सविता म्हणते, "माझ्या तोंडाकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाही."

तीच सविता आता रविवारी सकाळी माझ्याआधी हेल्मेट घालून ओट्यावर उभी असते.

परवाच्या रविवारी आम्ही कोंडाईबारीच्या घाटापर्यंत गेलो होतो. म्हणजे तुमच्या साक्रीवरूनच. जाताना मी गाडी न थांबवता पुढे काढली. येताना गावाच्या तोंडाशीच क्लचची वायर तुटली. मी हँडल धरलं, सविताने मागून ढकललं, आणि अर्धा किलोमीटर तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. भिकन नावाचा मिस्तरी भेटला. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दखाले हत्ती शे, पन वायर दोरासारखी." या गाडीची वायर त्याच्याकडे नव्हती. दुसऱ्या गाडीची कापून बसवायला त्याला दोन तास लागले.

ते दोन तास आम्ही त्याच्या बाकावर बसलो. सविता म्हणाली, "नानाचं घर इथून पायी दहा मिनिटं."

"जाऊ या का?"

"कशी जाऊ? सहा वर्षांत त्याने एक फोन तरी केला का?"

मी चहा पीत राहिलो.

थोड्या वेळाने रस्त्यावरून पांढऱ्या टोपीतला एक माणूस स्कूटरवर आला. सविता झटकन उभी राहिली, पदर सारखा केला. माणूस जवळ आला, निघून गेला. तुम्ही नव्हता. ती बसली आणि भिकनला म्हणाली, "झालं का हो दादा?"

नाना, फोन तुम्ही केला होता.

आई गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सविता चारचौघांत म्हणाली की आईला तुम्ही शेवटी जळगावला येऊ दिलं नाही. तुम्ही म्हणालात, या घरात पुन्हा पाय ठेवू नको. मी मध्ये पडलो तर मला म्हणालात, "तू परका, गप बस." त्यानंतर दोनेक वर्षांनी तुमचा फोन आला. सविता अंगणवाडीत होती, तिचा फोन घरी चार्जिंगला, मी दुसऱ्या पाळीचा म्हणून घरात. तुम्ही म्हणालात, "तिला सांग, रागात निघून गेलं तोंडातून. घर तिचंच आहे." मी "सांगतो" म्हणालो आणि तिच्या फोनमधली तुमच्या कॉलची नोंद पुसली.

परका हा शब्द मला लागला होता. वाटलं, राहू दे आठ दिवस यांनाही वाट बघत. आठ दिवसांचा महिना झाला, मग एवढे दिवस का सांगितलं नाही हेच सांगता येईना. चार वर्षं झाली. ती निरोप धाडत नाही असं तुम्ही समजलात, तुम्ही विसरलात असं ती समजली. मधे मी होतो.

पारोळ्याच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. तिने हेल्मेट काढलं. "चार वर्षं?" एवढंच म्हणाली आणि जळगावच्या दिशेने पायी चालायला लागली. मी गाडीवर तिच्या मागे मागे. ही गाडी माणसाच्या चालीने चालायला बनवलेली नाही. तीनदा बंद पडली, इंजिन तापलं, ट्रकवाले माना बाहेर काढून बघत होते. एरंडोलकडून येणारा एक शेतकरी थांबून तिला विचारता झाला, "ताई, हा माणूस त्रास देतोय का?" ती म्हणाली, "हो. पण माझाच आहे." मग मागे बसली. माझ्या खांद्यावर हात मात्र ठेवला नाही, पेटीला धरून बसली.

तीन दिवस घरात मीठ आणि पाणी एवढंच बोलणं. आज सकाळी तिने माझ्यापुढे कागद ठेवला. "नानाला लिहा. फोनवर पुन्हा नुसतं 'सांगतो' म्हणाल. मी वाचणार, आणि पोस्टात मीच टाकणार."

म्हणून हे पत्र. माफी मागतो, नाना. तुमची आणि तिची, दोघांची. रविवारी आम्ही येतोय. मला ओट्यावरच बसवलंत तरी चालेल.

तुमचा निरोप चार वर्षं अडवून ठेवणारा,
भाईदास

नाना,
वाचलं. सगळं खरं लिहिलंय. माझंही एक राहिलंय. आईचं अंथरुणातलं आजारपण आठ वर्षं तू आणि वहिनीने काढलं, आणि त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुलाच बोलले. ते मला तेव्हाही कळत होतं. अकरापर्यंत पोचू. वहिनीला सांग, जेवूनच जाणार आहे.
तुझी सविता