जाळीघरातली फांदी

१४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. फळबागवाल्यांच्या त्या परदेशी मेळाव्यात तू मजेत असशीलच. आईचा गुडघा तसाच आहे. इकडे सगळं ठीक, हे सवयीने लिहितेय.

तुझी रोपं जगताहेत. जगताहेत म्हणजे मरत नाहीत. परदेशातून विमानाने चाळीस आली, मुळं धुतलेली, ओल्या शेवाळात गुंडाळलेली. त्यातली सव्वीस कुजून आली होती आणि तो लगदा मी उपसला. वास अजून नाकातून जात नाही. उरलेल्या चौदांसाठी तू जाळीघर बांधलंस, पाटी लावलीस: रोग पसरू नये म्हणून वर्षभर इथलं पानही बाहेर जाणार नाही. आणि त्याच पाटीखाली उभा राहून पाहुण्यांना मिरवायला लागलास. ज्यांना कुंडीतला पुदिना जगवता येत नाही, ते दुर्मिळ फळावर माना डोलवत होते. ते फळ तू एकदा तिकडून आणून चाखवलंस. साबण लावलेली काकडी. तू मात्र डोळे मिटून घेतलेस.

असो. शेजारच्या बागवाल्या काकांच्या झाडांची पानं मुरडलीत. खोडांवर काळं चिकट काहीतरी आहे. हात लागला की दिवसभर बोटं धुवावीशी वाटतात.

सोमवारी शेतीखात्याच्या तपासनीस बाई आल्या. म्हणाल्या, "हा रोग इकडचा नाही. बाहेरून काय आणलंत?"

काका म्हणाले, "बाई, आमच्याकडे जावईसुद्धा मागच्या गल्लीतला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आमचं जाळीघर कायम बंद असतं."

त्यांनी काकांच्या एकशेदहा झाडांवर लाल पट्टे ओढले. तोडून जाळायची. जाताना कागदावर लिहिलं, बागमालकाचा निष्काळजीपणा. काकांनी सही केली. वर मलाच म्हणाले, "म्हातारा झालो, लक्ष राहत नाही. तू उभी होतीस म्हणून धीर आला गं."

तुला वाटेल, जाळीघरातली फांदी तूच मिरवता मिरवता कोणाला दिलीस आणि मी त्यावरून तोंडसुख घेतेय. तसं असतं तर मी चार पानं जास्त लिहिली असती.

फांदी मी कापली. फेब्रुवारीत, तू दौऱ्यावर असताना. काका म्हणाले होते, "पोरी, त्यातलं एक कलम बांधून दे, बघू तरी काय फळतं." शेजारच्या घरातली फांदीही 'बाहेरची' असू शकते, हे त्यांच्या डोक्यातही नाही. पाटी मलाही वाचता येते. पण तुझी चौदा रोपं रुसून बसलेली असताना काकांच्या साध्या झाडावर ते फळ धरलं, तर तुझं तोंड कसं होईल, ते मला बघायचं होतं. एवढंच. भावाची जिरवायला मी एका म्हाताऱ्याची बाग संपवली, आणि त्याच्या शेजारी उभी राहून गप्प बसले. तुझ्या मिरवण्याची मला किळस यायची. आता आरशासमोर वेणी घालतानाही तीच येते.

हे पत्र टपालात टाकून मी आजच बाईंच्या कचेरीत जाणार आहे. काकांचं नाव खोडून माझं लिहायला लावणार. झाडं वाचणार नाहीत. आपलं जाळीघर आणि रोपं आणायचा परवानाही जाईल. काकांना त्याआधी, त्यांच्या ओट्यावर बसून सांगेन. ते काय म्हणतील ते ऐकून घेईन.

फोन मुद्दाम केला नाही. तू समजावलं असतंस, आणि मला पटलं असतं.

तुझ्यावर हसत हसत तुझ्याही खाली गेलेली,
तुझी धाकटी