‘शेवटी कोण जेवतं?’ या प्रश्नाची उत्तरे राखण्याबाबत

प्रति,
मा. सदस्य सचिव,
संशोधन नैतिकता समिती,
सार्वजनिक आरोग्य पदव्युत्तर केंद्र, कलबुर्गी

विषय : गाव क्र. ४ मधील चौसष्ट उत्तरपत्रिका नष्ट करण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. ३ जून २०२४.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या केंद्राची द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून कमलनगर तालुक्यातील एका गावात स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास तेथील स्त्रियांनाच सोबत घेऊन करीत आहे. हा अर्ज त्यांना वाचून दाखवला असल्याने मराठीत आहे.

२. मंजूर प्रश्नावलीत ‘काल रात्रीचे जेवण झाले का?’ असा प्रश्न होता. चौसष्टपैकी एकसष्ट जणींनी ‘झालं’ सांगितले व अर्जदाराने समाधानाने तशी नोंद केली. तो आकडा ऐकून त्याच गावच्या सहसंशोधक निलम्मा हसल्या. दारात आलेल्या माणसाला कुणी आपण उपाशी असल्याचे सांगते काय, असे त्यांनी विचारले. मग म्हणाल्या, “अक्का, झालं म्हंजी घरच्यांचं झालं. बाईचं कोण इचारायलंय?”

३. त्यानंतर स्त्रियांनी मिळून प्रश्न बदलला : ‘शेवटी कोण जेवतं, आणि तव्हा टोपल्यात काय उरतं?’ पुरुष शेतात गेल्यावर त्या स्वतः घरोघर फिरल्या. त्याच चौसष्टपैकी त्रेचाळीस जणींच्या वाट्याला अर्धीच भाकरी आली होती, किंवा तीही नाही. त्यांपैकी भागाबाई यांनी पहिल्या वेळी ‘झालं’ सांगितले होते. त्यांचे हिमोग्लोबिन सहा भरले असून त्यांना सातवा महिना आहे. अर्जात नाव घालण्याचा आग्रह त्यांचाच.

४. प्रश्न पूर्वपरवानगीशिवाय बदलला, ही चूक अर्जदारास मान्य आहे. परंतु मूळ प्रश्नाचे उत्तर ‘सुस्पष्ट’ असल्याने तेच ग्राह्य धरून बदललेल्या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका नष्ट कराव्यात, असे आपल्या पत्रात म्हटले आहे. सहसंशोधक म्हणवण्यापूर्वी निलम्मा यांनी संशोधन-नैतिकतेची संगणकावरील इंग्रजी परीक्षा उत्तीर्ण करावी, असाही आदेश आहे. निलम्मा अंगठा उठवतात.

५. एकसष्टचा आकडा कायम राहिल्यास पूरक आहाराच्या यादीतून हे गाव वगळले जाईल, असे अर्जदारास तालुक्यातून कळले आहे.

तरी या उत्तरपत्रिका समितीपुढे ठेवाव्यात, ही विनंती. पदवी वर्षभर लांबली तरी अर्जदाराची तक्रार नाही. एकसष्टचा आकडा मात्र ती स्वतःच्या सहीने देऊ शकत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
नेत्रावती सिद्धलिंगप्पा बिरादार
कमलनगर, दि. १० जून २०२४

सोबत :
१. अर्जाची कन्नड प्रत.
२. उत्तरपत्रिका, चौसष्ट, मूळ. अर्जदाराने छायाप्रत ठेवलेली नाही. नष्ट करावयाच्या झाल्यास कार्यालयानेच, वाचून झाल्यावर, कराव्यात.