खाजणासाठी साडेनऊ मिनिटं

मांडवी, रत्नागिरी
४ नोव्हेंबर २००३

तीर्थस्वरूप चिमादादास,

धाकट्या गंगारामचा दंडवत. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वैनींची साखर उतरली का? इकडे आम्ही बरे आहोत. (घसा सोडून. त्याचंच सांगायला बसलोय.)

तुझ्या भावाने साठीत वाजंत्र्यांचा नाद धरलाय, असं आमच्या हिने, बकुळेने, फोनवर रडून सांगितलंच असेल. खरं आहे. आणि मी तो सोडणार नाही.

बंदरावर तीस वर्षं मासळीचे लिलाव पुकारून घसा फाटला म्हणून मी घरी बसलो, हे तुला ठाऊक आहे. गणपतीनंतर एकदा खाडीकाठच्या आपल्या खाजणाच्या बांधावर गेलो, तर जिथे आपण कमरेपर्यंत रुतून खेकडे धरायचो, तिथल्या तिवरांच्या झाडांवर एक डंपर माती ओतत होता. (कुठल्याशा कंपनीला तिथे गोदामं बांधायचीत.) मी अशी आरोळी ठोकली की डंपर मागच्या मागे गेला आणि तिवरांतून चिखलाने माखलेली दोन पोरं धावत आली. एक जन्नतबींचा नातू नबील, दुसरी पोस्टातल्या बाईंची रुचिरा. खेकड्यांचे आवाज टेपवर घेत बसली होती. मला वाटलं, मदतीला आली. तर नबील म्हणतो, "काका, परत तसंच ओरडा ना!"

त्यांचा बॅन्ड आहे. नबील गिटार वाजवतो, रुचिरा ड्रम बडवते, आणि ओरडायला माणूस मिळत नव्हता. ह्या संगीताला पोस्ट ब्लॅक मेटल म्हणतात. (पोस्टाशी संबंध नाही, मी रुचिराच्या आईला विचारलं.) त्यात वारा, भरती, रान सगळं ऐकू आलं पाहिजे आणि मग कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं पाहिजे. फाटका घसाच लागतो. जन्मात पहिल्यांदा माझ्या घशाची कुणी तारीफ केली. शिवाय दोघं अराज्यवादी, म्हणजे मालक नको, पुढारी नको, सगळं सर्वानुमते. चहा की सरबत हे ठरायला पाऊण तास गेला, तेव्हा मी सवयीने "चहा एक, चहा दोन, चहा तीन" करून सौदा पक्का केला. रुचिराने मला चांगलंच सुनावलं.

काल गोदामांची जनसुनावणी होती. आम्ही पंख्याच्या प्लगवर गिटार लावली. साहेब म्हणाले, प्रत्येकाला दोनच मिनिटं. आमचं गाणं साडेनऊ मिनिटांचं, त्यातली पहिली सहा मिनिटं नुसती भरती चढते. दोन मिनिटं होताच शिपाई प्लग काढायला वाकला. तेवढ्यात बाजारातली सोनूबाई उठली. "माझी दोन मिनिटं ह्येन्ला द्या," म्हणाली. तिच्यामागे रांगच लागली. ज्यांना गाणं ओ की ठो कळत नव्हतं, ती माणसं कानात बोटं घालून आपापली दोन मिनिटं देत होती. दादा, सहा मिनिटांची भरती पुरी झाली. आणि मी ओरडलो.

कारकुनाने लिहिलं, 'श्री. गंगाराम यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या.' साहेबांनी कपाळ दाबत पुढची सुनावणी २४ तारखेला ठेवली. तोवर डंपर बंद. वैनींना नमस्कार.

तुझा,
गंगाराम

ता. क. : गाण्याआधी कारकुनाने संमती दिलेल्या जमीनमालकांची यादी वाचली. तिसरं नाव तुझं होतं. खाजणाच्या सातबाऱ्यावर आपण दोघे आहोत, दादा. सही करताना एका ओळीने कळवायचं होतंस. (मी इतका चांगला ओरडलो तो त्यामुळेच. पोरांना खरं कारण सांगितलेलं नाही.) संमती मागे घेतल्याचं पत्र लिहून सोबतच्या लिफाफ्यातून लगेच पाठव. तिकीट लावलंय.

आणखी एक : पत्र आलं नाही, तर १६ तारखेला रविवारी आम्ही तिघं ड्रमसकट एस.टी.ने पोफळीला, तुझ्या दारात. वैनींना सांग, पोरं मासळी खात नाहीत, माशांवर अन्याय होतो म्हणे. बकुळा माझ्यासाठी तळलेली सुरमई बांधून देणार आहे. ती मी तुझ्या मोरीत बसून खाईन. पोरांसमोर विषय काढू नकोस.