पंचमीच्या दिवशी भट्टी पाणी पीना

न्हाई, मी जळून राहिले न्हाई. तसं कोणी म्हनलं तर त्याला माझ्याकडं पाठव. सुनेनं घरात वाफेची भट्टी आणली, अर्धं कुरुंदा गाव तिच्या दाराशी येतं, चांगलं हाये. माझं काय जातं. मी खाऊन पिऊन खुशाल हाये, एक गुडघा सोडला तर.

चि. देवलाला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझी शुगर कशी हाये, पाव्हण्यांचा खोकला बसला का, शिरड शहापूरला सोयाबीन कसं काय. समदं बरं असंल असं धरून चालते, कारण तुला कधीबी विचारा, तू बरंच हाये म्हनती. फोन न करता पत्र काहून लिहिलं म्हनशील, तर आमच्या घरात फोन म्हंजी भोंगा झाला. सरिता सूनबाई हातात पीठ असलं का स्पीकर लावती, आन् तिच्या हातात सदा पीठच असतं. मंग आपलं बोलणं भिंतीला, मांजराला आन् दारातल्या गिऱ्हाइकाला पण ऐकू जातं. म्हनून हे पत्र धनसिंग टेम्पोवाल्यापाशी देऊन राहिले. तो वाचणार न्हाई, त्याला चष्मा लागलाय आन् तो लावत न्हाई.

तर ती भट्टी. माझा संतोष तिला स्टीम ओव्हन म्हनतो. बचत गटातून आणली, चैत्रात. कपाटायवढी हाये, पुढून काच, मागून काळा पाइप, तो नळाला जोडलेला. आपोआप पाणी पिती आन् आपोआप वाफ सोडती. (आपलं पातेलं पण वाफच सोडतं, पण त्याला काच न्हाई म्हनून कोणी बघायला येत न्हाई.) ढोकळा, इडली, कोथिंबिरीच्या वड्या, समदं तिच्यात. तुला माहीत हाये, तीस वर्षं नागपंचमी आली का गल्लीतल्या बाया माझ्या दारात. रूपाबाई, आमची पण चार पुरणाची दिंडं वाफेला लावा. रूपाबाई, पुरणात गूळ किती. कोणाची लेक माहेरी आली का पहिली आमच्या चुलीपाशी. आन् औंदा सुनीतीबाई, त्या शाळेतून रिटायर झालेल्या मोठ्या बाई, त्यांच्या वाड्यात झोका बांधलेला, माहेरवाशिणी बोलावलेल्या, तर त्या मला वलांडून सरळ सरिताकडं. दीडशे दिंडं पाहिजे, म्हने, मशीनमधली. मी उंबऱ्यातच बसले होते. मला म्हनल्या, रूपाबाई, आता तुमाला आराम. म्या म्हनलं, व्हय, आरामच हाये.

पंचमीला सकाळी सहाला सरितानं पहिला ट्रे आत सरकवला आन् भट्टीनं पीं पीं सुरू केलं. काचेवर लाल अक्षरं. संतोषनं वाचलं, पाणी न्हाई म्हनती. म्या म्हनलं नळाला तर पाणी हाये. तो म्हनला, आई, तू थांब. मी थांबले. नांदेडच्या मेकॅनिकला व्हिडिओवर घेतलं. तो तिकडं दात घासून राहिला होता, इकडं आमी भट्टी दाखवून राहिलो. नळ चालू हाये का बघा. हाये. पाइप कुठं मुडपला का. न्हाई. बंद करून पाच मिनिटानं चालू करा. केली. पुन्हा पीं पीं. मंग म्हनला, मागं पाण्याचा व्हॉल्व्ह हाये, भट्टी पाणी मागती तवा तिथं टक वाजतं का ऐका. संतोषनं कान लावला, सरितानं कान लावला, शेजारची दूध घालायला आली ती पण कान लावून बसली. पोटुशीच्या पोटाला कान लावावा तसं तिघं भट्टीला चिकटलेले. टक वाजलं. मंग व्हॉल्व्ह उघडतोय, मेकॅनिक म्हनला, पण पाणी आत जाईना, त्याच्या तोंडाशी बारीक जाळी असती ती चोंदली असंल, पाइपाचा नट खोला. नट काही हलंना. संतोषनं पान्हा लावला, लाथ लावली, देवाचं नाव लावलं. शेवटी मेकॅनिक म्हनला, नटापासून चार बोटं पाइप कापा, नवा जोडून घेऊ.

संतोष करवतीचं पातं घेऊन आला तशी मी उठले. म्या म्हनलं, आज पंचमी हाये. आज चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई, तवा चढवायचा न्हाई. भेंडी चिरत न्हाई आपण आज आन् तू पाइप कापतो. मेकॅनिक फोनातून हासला. मावशी, म्हनला, पाइप हाये तो, नाग न्हाई. म्या म्हनलं, पाइप तुमचा असंल बाबा, सण आमचा हाये. (आन् खरं सांगू का, काळा, लांब, वेटोळं घालून पडलेला. त्याला तरी कसं कापायचं.)

मला वाटलं सरिता आता भांडंल. पाच महिने मी वाट बघून राहिले तिनं एकदा तरी भांडावं म्हनून. तिनं संतोषच्या हातातून पातं घेतलं, फळीवर ठेवलं. म्हनली, आत्या म्हनत्यात तर नको. बघ, अशी हाये ती. भांडायला पण देत न्हाई. मंग माझ्यापाशी येऊन बसली, डोळे भरलेले, म्हनली, आत्या, दीडशे दिंडं हायेत, बाई अकराला येतील, काय करायचं सांगा.

मी लगेच उठले न्हाई. च्या पिले. निवांत पिले.

मंग मागच्या पडवीत चूल पेटवली. मोठं पातेलं, त्यावर चाळण, चाळणीत हळदीची पानं. (पानं आदल्या दिवशीच तोडून ठेवली होती, पंचमीला तोडायचं न्हाई ना. मला कोणी दिंडं सांगितली नसताना काहून तोडली, तर सवय हाये.) मी पोळी लाटायची, पुरण भरायचं, सरितानं घडी घालायची. आठ घाणे काढले बाई. गुडघा असा बोंबलला का त्याला स्पीकर लागला न्हाई. आन् आता हे पण लिहिते, लिहिलं न्हाई तर तू म्हनशील थोरली खोटारडी: माझी तीन दिंडं फुटली, तिचं एक पण न्हाई. चौकोनाची चार टोकं आत घेऊन अशी दाबती का शिवणच दिसत न्हाई. कुठं शिकली म्हनलं, तर म्हनती, लग्न झाल्यापासून तुमच्या हाताकडंच बघून राहिले. मला काय ते आवडलं न्हाई. बघणाऱ्यानं आधी विचारावं.

अकराला सुनीतीबाई आल्या. भट्टी समोरच्या खोलीत, पुसून चकचकीत, बंद. दिंडांचे डबे तिच्याच शेजारी मांडलेले. बाईनं एक उचललं, तूप लावलं, खाल्लं, डोळे मिटले. म्हनल्या, सरिता, काय मऊ गं, आन् वास तर बघा, मशीनच्या वाफेला काय सुगंध असतो. देवला, हळदीच्या पानाचा वास तो. आपल्या आईपासूनचा. तो वास मशीनच्या नावावर चढला आन् मी तिथंच पदराला हात पुसत उभी. मंग बाई भट्टीला हात लावून, मागनं पुढनं बघून गेल्या. माझ्या पातेल्याला मागनं पुढनं कोण बघतं.

असो. झालं ते झालं. मला त्याचं काही न्हाई. पाव्हण्यांना नमस्कार, लेकरांना पापा.
तुझी थोरली,
रूपाबाई

ता. क. एक काम कर. येत्या ऐतवारी जेवणाच्या टायमाला सरिताच्याच फोनवर फोन लाव. ती स्पीकर लावंल. मंग आधी शुगरचं बोल, पावसाचं बोल, आन् मधीच आठवल्यासारखं म्हन का, अक्काच्या हातच्या दिंडांची सर कशालाच न्हाई. मोठ्यानं म्हन. मी सांगितलं असं वाटू देऊ नको. संतोष घरात असंल, आन् ऐतवारी गिऱ्हाईक पण असतं.

ता. क. आणखी एक. ती जाळी कशानं चोंदली ते मला सहालाच कळलं होतं. आमच्या बोअरचं पाणी खारं, पांढरा थर धरतं. कूलर पाणी ओढीना का दर उन्हाळ्याला मीच त्याची जाळी चिंचेच्या पाण्यात घालते. पण मला थांब म्हनले, मी थांबले. दुसऱ्या दिवशी दोघं बाजाराला गेले तवा नटावर गरम पाण्याचं फडकं धरलं, हातानं खुलला. जाळी चिंचेत बुडवली, घासली, बसवली. भट्टी चालू झाली. मेकॅनिकला वाटतं त्यानं फोनवर बंद-चालू करायला लावली म्हनून झाली. समदे त्याला हुशार म्हनून राहिले. म्हनू दे.

ता. क. हे लिहायचं नव्हतं. सुनीतीबाई मशीनचं कौतुक करून राहिल्या होत्या तवा सरिता मधीच म्हनली, बाई, भट्टी बंद हाये, ही आत्यांच्या हातची हायेत. माझ्याकडं बोट करून, सगळ्यांपुढं. बाई माझ्याकडं बघायला लागल्या. आन् म्या म्हनलं, न्हाई बाई, पोरगी लाजती, मशीनमधलीच हायेत, तिनंच केली.

काहून म्हनलं ते विचारू नको. फोनवर पण नको, घरी आलीस तरी नको. सांगणार न्हाई.